मदत हवी आहे: खाजगी शाळा सरकारने ताब्यात घ्यावी, असा आदेश हायकोर्ट देऊ शकतं का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

जरा लांबलंय, पण वाचा.

राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची शाळा आहे. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील. होळकरांच्या काळात मराठी मंडळींनी काढलेली, एका सार्वजनिक ट्रस्टची. अनुदान केव्हाच बंद झालं. पहिली ते आठवी मिळून १४० मुलं, त्यात मराठी विषय घेणारी जेमतेम तीस. मी तिथेच शिकले, आता धाकटा पाचवीत आहे. घंटा म्हणजे अजून तोच टांगलेला रुळाचा तुकडा. ती वाजवणाऱ्या मामांना पाच महिने पगार नाही.

मागच्या रविवारी दोन माणसं टेप घेऊन मैदान मोजत होती. भिंतीवर खडूने आकडे लिहून गेली. सोमवारी पोरांनी त्याखाली रेघ मारून बेरीजही करून टाकली! विश्वस्तांना विचारलं तर म्हणाले, झेपत नाही, पुढल्या सत्रापासून शाळा बंद.

आम्ही पालकांनी वर्गणी काढून वकील केले. याचिकेच्या मसुद्यात मुख्य मागणी अशी की शासनाने इमारत आणि शिक्षकांसह शाळा ताब्यात घ्यावी, तसा आदेश इंदूर खंडपीठाने द्यावा. ही मराठी भाषिक अल्पसंख्याकांची शाळा आहे, यावर सगळा भर. बैठकीत टाळ्या पडल्या. घरी आल्यावर माझे दीर म्हणाले, "वहिनी, हे टिकायचं नाही." का, ते मात्र त्यांना सांगता येईना.

असा आदेश खरंच मिळतो का? नसेल तर मागायचं काय? फी वाढवून वकिलांना परत भेटण्याआधी कळलं तर बरं.

---

जुना_लेखनिक (ग्वाल्हेर):

ताई, मी वकील नाही. कोर्टाच्या कचेरीत तीस वर्षं फायली वाहिल्या, तेवढ्यावर सांगतो. दीर बरोबर बोलले.

अनुच्छेद २२६ खाली हायकोर्ट सरकारला कामाला लावू शकतं, पण जे काम करणं सरकारवर कायद्याने बंधनकारक आहे तेवढ्यापुरतंच. खाजगी शाळा विकत घेणं, चालवायला घेणं हे बंधन कुठल्या कलमात आहे, असा पहिला प्रश्न बेंचवरून येईल. ताब्यात घ्यायची म्हणजे पदं मंजूर करायची, दरवर्षी बजेटमध्ये पैसे ठेवायचे. तो निर्णय मंत्रिमंडळाचा आणि विधानसभेचा. साधं अनुदान हासुद्धा मूलभूत हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका इंटर कॉलेजच्या प्रकरणात म्हटलंय. अनुदान हक्काने मिळत नाही तिथे अख्खी शाळा कुठून घ्यायला लावणार?

दुसरी बाजू विश्वस्तांची. टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की शिक्षणसंस्था चालवणं हा अनुच्छेद १९ मधला व्यवसायाचा हक्क आहे. आणि अनुच्छेद ३००अ म्हणतो, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही. आधार कायद्याचा लागतो, नुसत्या कोर्टाच्या कळकळीचा नाही.

शाळा ताब्यात घेतल्याच नाहीत असं नाही. बिहारने १९८१ च्या कायद्याने खाजगी माध्यमिक शाळा घेतल्या. दिल्लीच्या १९७३ च्या कायद्यात व्यवस्थापन तीन वर्षांसाठी घेता येतं, वाढवत नेलं तरी एकूण पाच वर्षांच्या वर नाही, आणि आधी संस्थेला नोटीस द्यावी लागते. केरळात २०१६ मध्ये कोळिकोडची मलापरंब शाळा तर उलट्या वाटेने सरकारकडे गेली. कोर्टाचा आदेश शाळा बंद करण्याचा होता, ती ताब्यात घ्यायचं ठरवलं सरकारने. आणि दिल्लीच्या कायद्यात शब्द 'घेऊ शकेल' असा आहे, 'घेतलीच पाहिजे' असा नाही.

सराफ्यातली_कचोरी:

म्हणजे मैदानावर टॉवर होऊ द्यायचा आणि आपण खाली कचोरी खायची?

जुना_लेखनिक (ग्वाल्हेर):

तसं कुठे म्हटलं? मागणी बदला. मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम १९५१, कलम १४. रजिस्ट्रारच्या पूर्वमंजुरीशिवाय ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. बिल्डरची टेप तिथे अडते. रजिस्ट्रारकडे आधी लेखी हरकत द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. निर्णय लावत नसतील तर 'अमुक मुदतीत कारणांसह निर्णय द्या' एवढं हायकोर्टाकडे मागा. असे आदेश निघताना मी ढिगाने पाहिलेत.

आणि तो अल्पसंख्याकांचा मुद्दा वकिलांना पुन्हा वाचायला सांगा. भाषिक अल्पसंख्याक राज्यवार ठरतात, त्यामुळे मध्य प्रदेशात आपण मराठी माणसं नक्कीच त्यात येतो. पण अनुच्छेद ३०, म्हणजे अल्पसंख्याकांचा आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क, संस्थेला सरकारपासून वाचवायला आहे! तुम्ही तोच पुढे करून सरकारला आत बोलावताय. विश्वस्तांचा वकील तुमचंच पान वाचून दाखवेल.

आनंदी_बडोदा:

इकडे बडोद्यातही मराठी वर्ग असेच आटत गेले, म्हणून लिहिते. मुलांचं आधी बघा. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ आहे. कलम ६ प्रमाणे परिसरात शाळा उपलब्ध करणं हे सरकारचं कामच आहे. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर असं अंतर आहे. हे मात्र कोर्ट करायला लावू शकतं. कलम ५ प्रमाणे दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि तो उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. याच कायद्याच्या २५ टक्के राखीव, मोफत जागांतून आलेल्या मुलांची यादी वेगळी करा, त्यांना नव्या शाळेची फी परवडणार नाही.

मराठीसाठी अनुच्छेद ३५०अ आहे, प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीसाठी. शब्द 'प्रयत्न करील' असा आहे, फार लोंबकळू नका. पण शेजारच्या सरकारी शाळेत मराठीचा एक शिक्षक मागायला पुरे.

सराफ्यातली_कचोरी:

खरं सांगायचं तर सरकारने घेतली असती तरी वर्षभरात हिंदी माध्यमच झालं असतं.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. काल वकिलांकडे जाऊन आले. आधी जरा रागावले, मग १९५१ चा कायदा काढून बसले. पहिली मागणी खोडली. इथे रजिस्ट्रारचं काम एसडीएम बघतात, म्हणून सोमवारी एसडीएम कार्यालयात हरकत देतोय, सोबत भिंतीवरच्या आकड्यांचा फोटो. बेरजेसकट. मुलांची वर्गवार यादी मी करतेय, २५ टक्क्यांतली १९ निघाली. मामांच्या पगाराचा अर्ज वेगळा द्या म्हणाले.

आता नवीन अडचण. माजी मुख्याध्यापकांच्या घरून जमिनीचं दानपत्र मिळालं. दात्याने 'शाळेखेरीज उपयोग करू नये' अशी अट घातली होती, असं ते म्हणतात. पण कागद मोडीत आहे आणि खालच्या चार ओळींवर ओल आलीय. इंदुरात किंवा देवासला मोडी वाचणारं कोणी ठाऊक आहे का? शनिवारपर्यंत हवंय, कागद घेऊन मी स्वतः येईन.