लस कुल्ल्यावर टोचल्यानं भाच्याची नस दुखावली – भरपाईचा दावा कुठं करावा?

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. वकिली करणाऱ्यांनी जरूर वाचावं.

भाचा दीड वर्षाचा असताना अंगणवाडीत त्याला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर दिला. ही सुई मांडीला पुढून-बाहेरून द्यायची असते. कुल्ल्यात पायाकडं जाणारी मोठी सायटिक नस असते म्हणून तिथं टाळतात. त्या दिवशी गर्दी होती, लेकराला पालथं धरायला लावलं आणि सुई कुल्ल्यावर बसली. संध्याकाळपासून उजवा पाय टेकवेना. आता चालतं, पण पाऊल वर उचलत नाही, अंगठा फरफटतो, त्या पायातली चप्पल सारखी निघते. मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांनी एनसीव्ही (नस संदेश कसा वाहते ते बघणारी) तपासणी करून सुईनं नस दुखावल्याचं लिहून दिलंय.

लसीबद्दल आमची तक्रार नाही. हे वाचून कुणी लेकराची लस चुकवू नये, हात जोडून सांगतो.

दसऱ्यानंतर बहीण-दाजी ऊसतोडीला गेले, कागदपत्रं तशीच राहिली. आता आरोग्य केंद्रात म्हणतात, आमच्याकडं नोंदच नाही. लसीनंतरच्या त्रासाची एईएफआय म्हणून नोंद होते, जिल्हा समिती तपास करते, आणि लस देताना झालेली चूक हा त्यात वेगळा प्रकार धरतात, एवढं कळलंय. मग जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडं आता लेखी अर्ज दिला तर चौकशी लागेल का?

ग्राहक आयोगाचं दार बंद दिसतंय, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार सगळ्यांना फुकट मिळणारी सरकारी सेवा त्यात येत नाही. पण 1996 चा अच्युतराव खोडवा निकाल आपल्या औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यातलाच. बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली, आणि सर्वोच्च न्यायालयानं शासनाला जबाबदार धरलं. त्या आधारावर दिवाणी दावा बरा, की उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट अर्ज? अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलाला दावा लावायच्या मुदतीची सवलत असते हे ठाऊक आहे, पण फिजिओथेरपी आणि पायाच्या स्प्लिंटचा खर्च आजच उभा आहे.

विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बीडला कुणी असा वकील घेतलाय का, अनुभव कसा?

आणखी एक. आशाताई आमच्याच गल्लीतल्या, सुई त्यांनी दिली नव्हती. त्यांना प्रतिवादी न करता फक्त शासनावर दावा लावता येईल का? लसीकरण कार्ड, तारीख, बॅच नंबर, तपासणीचे रिपोर्ट हाताशी आहेत. अजून काय जमवू?