शब्दचर्चा : संरक्षण, संवर्धन आणि पर्यावरण

प्रश्न : एका लेखात वाक्य आहे, 'आधुनिक पर्यावरण चळवळ १८७२ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापासून सुरू झाली.' इथे 'पर्यावरण' हा शब्द योग्य आहे का? की 'निसर्गसंरक्षण' म्हणावं? मला तरी दोन्ही एकच वाटतात.

उत्तर : एकच नाहीत, आणि या वाक्यात तर मुळीच नाहीत. अमेरिकेतलं यलोस्टोन राखलं गेलं ते त्याचं निसर्गवैभव अबाधित राहावं म्हणून. ते निसर्गसंरक्षण झालं. त्यात जपायची गोष्ट माणसाच्या बाहेर आहे: डोंगर, अरण्य, प्राणी.

'पर्यावरण' म्हणजे परि + आवरण, चहूबाजूंनी वेढणारं. वेढलेला कोण, तर आपणही. १९६२ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आलं आणि नेमकी हीच बाजू लोकांसमोर आली. डीडीटी फवारलं किड्यांवर, पण ते गांडुळांत गेलं, गांडुळं खाणाऱ्या पक्ष्यांत गेलं, माणसाच्या चरबीतही साठू लागलं. ज्या रसायनाच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाला १९४८ साली नोबेल मिळालं होतं, त्याबद्दल हे लिहायला मोठं धैर्य लागलं. रसायन उद्योगाने त्यांच्यावर कडाडून टीका केली. त्या स्वतः तेव्हा कर्करोगाशी झुंजत होत्या. १९६४ मध्ये त्या गेल्या.

त्यानंतरचा दशकभराचा वेग थक्क करणारा आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेल पसरलं, त्याच वर्षी ओहायोतल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट कचऱ्याने पेट घेतला. २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला अमेरिकेत सुमारे २ कोटी लोक सहभागी झाले. वर्ष सरायच्या आत तिथे पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली, १९७२ मध्ये शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली आणि त्याच वर्षी स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तिचा विषय होता 'मानवी पर्यावरण'. 'मानवी' हे विशेषण माझ्या मते फार मोलाचं आहे.

प्रतिप्रश्न : मग 'संवर्धन' कुठे वापरायचं? संरक्षणाचाच तो प्रतिशब्द ना?

उत्तर : सैल वापरात हो, पण फरक राखलेला बरा. संवर्धनात 'वाढवणं' आहे, म्हणजे हात लावणं आलं, जपून वापरणंही आलं. अमेरिकेत हाच वाद गाजला होता. वनाधिकारी गिफर्ड पिंचो म्हणत, जंगल वापरा, पण पुढच्यांना पुरेल असं. निसर्गलेखक जॉन म्यूर म्हणत, काही जागांना हातच लावू नका. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या 'हेच हेची' नावाच्या खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी धरण बांधायचं ठरलं तेव्हा दोघे समोरासमोर आले, आणि १९१३ मध्ये धरणाला मंजुरी मिळाली. पिंचोंच्या भूमिकेला 'संवर्धन' शोभतं. म्यूर यांच्या भूमिकेला मी 'जतन' म्हणेन. 'संरक्षण' दोन्हींना पुरतं.

आणखी एक प्रतिसाद : याच ओघात 'औषध' या शब्दाबद्दल. आपण सर्रास 'पिकावर औषध मारलं' म्हणतो. कार्सन यांचा आक्षेप तर 'कीटकनाशक' या शब्दालाही होता. हे द्रव्य फक्त कीटक मारून थांबत नाही, म्हणून त्याला 'जीवनाशक' म्हणावं असं त्यांनी सुचवलं. मराठीत 'जीवनाशक' रुळेल का सांगता येत नाही. पण निदान लिहिताना तरी 'औषध' टाळावं, 'कीटकनाशक' लिहावं. ज्या डब्यावर विषाची खूण असते त्याला औषध म्हटलं की हातमोजे घालायचं, मुलांना लांब ठेवायचं भान सुटतं.

मूळ वाक्याबद्दल : दुरुस्ती अशी करता येईल. 'निसर्गसंरक्षणाचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले होते. आधुनिक पर्यावरण चळवळ १९६० च्या दशकात उभी राहिली.'