मदत हवी आहे: 1.2 पेट्रोल की 1.0 टर्बो? रोज हिंजवडी, महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट

नमस्कार मंडळी,

किआ सोनेट घ्यायची हे घरात सगळ्यांच्या मताने ठरलंय, गाडं अडलंय ते इंजिनावर. 1.2 लिटरचं साधं पेट्रोल घ्यावं की 1.0 लिटरचं टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरून ताकद वाढवणारं)?

आधी वापर सांगतो. सोमवार ते शुक्रवार वारजे ते हिंजवडी, एका बाजूला पंधरा-सोळा किलोमीटर, गाडीत मी एकटा आणि बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. महिन्यातून एकदा चिपळूणजवळ गावी. वर्षाला 14 हजार किलोमीटरच्या आसपास होतात. गाडी निदान दहा वर्षं ठेवायची आहे.

गावाला जाताना त्रास नाही. उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली उतरायचा. येताना तोच घाट चढायचा असतो आणि नेमकी तेव्हाच गाडी सगळ्यात जड असते. आई-बाबा, बायको, मुलगा आणि मी, डिकीत तांदळाचं पोतं, नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. सगळं मिळून साडेतीनशे किलो तरी भरतं.

सध्याची हॅचबॅक 11 वर्षं जुनी, तीही 1.2 पेट्रोलच. गेल्या मे महिन्यात कुंभार्लीत एका वळणावर पुढचा ट्रक थांबला. मी पुन्हा उचलायला गेलो तर गाडी ओढेचना. पहिला गिअर, एसी बंद, तरी मागच्या टेम्पोच्या दिशेने दोन वेळा सरकली. बाबांची बायपास झालेली आहे. त्या उकाड्यात ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता. तेव्हापासून इंजिनाचा विचार डोक्यातून जात नाही, कारण सोनेट त्या गाडीपेक्षा चांगलीच जड आहे आणि इंजिन पुन्हा 1.2 च.

कागदावर 1.2 ची ताकद 83 पीएस आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 115 एनएम, तोही 4000 आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) वर गेल्यावर पूर्ण मिळतो. घाटात दुसऱ्या गिअरवर आपण 2000 च्या आसपास असतो, म्हणजे त्यातलाही सगळा हाताशी नसतो. टर्बो आकाराने लहान असून 120 पीएस, आणि 172 एनएम टॉर्क 1500 पासून 4000 पर्यंत सलग. आकडे बघितले तर प्रश्नच उरत नाही. पण तीव्र वळणावर वेग पडून आरपीएम 1500 च्या खाली गेले, तर टर्बो जागा होईपर्यंत 998 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन भरलेली गाडी कशी उचलतं? मला नेमकं तेच कळत नाहीये. टेस्ट ड्राइव्ह दोन्हींची घेतली, पण सपाट रस्त्यावर, गाडीत दोघंच. चांदणी चौकाचा चढ तरी घेऊ द्या म्हटलं, तर नाही म्हणाले.

टर्बोला क्लचचं पेडल नसलेला आयएमटी किंवा 7 गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) मिळतो. डीसीटी ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच थंड ठेवायला तेल नसतं, त्यामुळे हिंजवडीच्या रांगेत रोज तासभर रांगताना तापेल का, ही धास्ती आहे. बायकोला आयएमटी आवडला.

डिझेल घाटासाठी उत्तम, 250 एनएम. पण रोजच्या रांगत्या प्रवासात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) चोंदण्याची भीती, आणि आपल्याकडे डिझेलला रोड टॅक्सही दोन टक्के जास्त. म्हणून तो विचार सोडला.

मला मिळालेल्या कोटेशनमध्ये 1.2 आणि टर्बोत लाखाच्या आत-बाहेर फरक आहे. पैसे जमवता येतील. पण त्यासाठी बाकीच्या सोयी कमी कराव्या लागतील, आणि आईच्या गुडघ्यांमुळे मागच्या सीटची सोय मला सोडायची नाही.

ज्यांनी यातलं कुठलंही इंजिन पाच माणसं, सामान आणि एसीसकट कुंभार्ली, आंबा किंवा वरंधा घाट चढवलंय, त्यांनी कृपया सांगा: कुठला गिअर लागला, थांबून पुन्हा उचलताना काय झालं? टर्बोवाल्यांनी शहरातलं खरं ॲव्हरेज सांगावं. आणि पाच-सात वर्षं झाल्यावर टर्बोचा काही खर्च निघाला का? घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायचं, ऑइल वेळेवर बदलायचं, एवढं मी पाळेन.

भर: मारुतीची ब्रेझा का नको, असं दोघांनी विचारलंय. तिचं पेट्रोल इंजिन 1462 सीसी. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांमध्ये 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोलला आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेलला 18 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 40. माझी दोन्ही इंजिनं 18 मध्येच बसतात. 1.2 सोनेटवाल्या कुणी अजून लिहिलेलं नाही. पुण्यात कुणाकडे असेल आणि एखाद्या रविवारी कात्रजचा घाट सोबत चढायची तयारी असेल, तर पेट्रोल माझं. आई-बाबांना घेऊनच येईन.