मदत हवी आहे: नेत्रतज्ज्ञांची कोर्टातली साक्ष (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझे भाऊजी सांवेर रोडवरच्या कारखान्यात लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) काम करतात. ट्रकच्या धडकेत त्यांचा उजवा डोळा पूर्ण गेला. मोटार अपघात दाव्याची केस इथेच इंदुरात चालू आहे.

सरकारच्या निकषांप्रमाणे दुसरा डोळा चांगला असेल, तर अपंगत्व 30 टक्के धरतात. पण एका डोळ्याने खोलीचा, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे याचा, अंदाज नीट येत नाही, आणि लेथवर तोच लागतो! राजकुमार विरुद्ध अजय कुमार (2011) या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की डॉक्टर अपंगत्व किती ते सांगतात, कमाई किती बुडाली ते न्यायाधिकरण (दावा चालवणारं कोर्ट) ठरवतं. म्हणून नुसतं सर्टिफिकेट जोडून भागेल असं मला वाटत नाही; हे कोर्टाला नेत्रतज्ज्ञानेच समजावायला हवं.

उपचार करणारे डॉक्टर ओपीडी सोडून यायला तयार नाहीत. कमिशन नेमून, म्हणजे कोर्टाने माणूस पाठवून, दवाखान्यातच साक्ष घेता येते म्हणतात. इथे कुणी तसं करून घेतलंय का? अर्ज कसा दिला, डॉक्टरांची फी कुणी भरली? आणि उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील नेमकं काय विचारतात? ताई फार काळजीत आहे, कृपया अनुभव सांगा.