समुद्राची स्तोत्रे आणि गाणी : उगम वादळात की किनाऱ्यावर?

सुकाणू (धागाकर्ता) :
समुद्राशी जोडलेल्या स्तोत्रांमागची वादळाची हकिकत ‘दंतकथा’ म्हणून झटकून टाकण्याची रीत पडत चालली आहे, ती मला मान्य नाही. मार्च १७४८ मध्ये ‘ग्रेहाउंड’ हे जहाज उत्तर अटलांटिकमध्ये फुटू लागले, तेव्हा जॉन न्यूटन तासन्‌तास पंपावर पाणी उपसत होता आणि त्यानंतर सुकाणू धरून उभा होता. ‘अमेझिंग ग्रेस’ हे प्रसिद्ध इंग्रजी स्तोत्र लिहिणारा माणूस त्या वादळात घडला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला आठवण देतो, की आपण दोघे एका नावेत चढून समुद्राच्या मध्यावर गेलो होतो आणि लाटांवर झोपाळ्यासारखे झुलत होतो, मग ते सख्य आता कुठे गेले? नावेचे ते झुलणे अंगाने अनुभवल्याशिवाय कोणाला सुचेल, असे मला वाटत नाही.

मीमांसक :
वसिष्ठांची ऋचा मलाही अतिशय प्रिय आहे, पण न्यूटनच्या बाबतीत आपण कालक्रम गाळला आहे. त्या वादळानंतर तो गुलामांच्या व्यापारातच राहिला, अशा जहाजांचा कप्तान झाला आणि त्याची सागरी कारकीर्द १७५४ मध्ये संपली. स्तोत्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी, ओल्नी गावात पाद्री असताना, १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी तयार झाले. त्या प्रवचनाचा आधार बायबलमधली दाविदाची कृतज्ञतेची प्रार्थना हा होता, आणि मूळ सहा कडव्यांत समुद्र, जहाज किंवा लाट यांचा उल्लेखही नाही. आज सर्वत्र ऐकू येणारी चाल तर त्या शब्दांना १८३५ मध्ये विल्यम वॉकरने अमेरिकेत जोडली.

समुद्रावरच्यांसाठी सर्वाधिक गायले जाणारे इंग्रजी स्तोत्र १८६० मध्ये विल्यम व्हायटिंगने लिहिले. तो विंचेस्टरला गायक मुलांचा शिक्षक होता. पहिल्या तीन कडव्यांच्या शेवटी ‘समुद्रावर संकटात असलेल्यांसाठी’ आमची हाक ऐक, अशी विनवणी येते. गाणारे स्वतःसाठी काही मागत नाहीत. जे दूर पाण्यावर आहेत त्यांच्यासाठी मागतात. हा स्वर मागे राहिलेल्यांचा आहे, आणि माझ्या मते या स्तोत्रांचा खरा उगम तिथेच आहे.

शीड :
स्तोत्रांपुरते हे पटते, खलाशांच्या गाण्यांना मात्र लागू होत नाही. शिडाच्या व्यापारी जहाजांवर गाणे हे कामाचे साधन होते. नांगर उचलण्याचे चक्र फिरवताना पावलांना संथ, अखंड लय लागे. शिडाचा दोर ओढताना एकजण ओळ म्हणे आणि बाकीचे ध्रुवपदातल्या ठरावीक शब्दांवर एकदम हिसका देत. वाफेची यंत्रे आली, ती कामे गेली आणि ही गाणी जहाजांवरून हळूहळू नाहीशी झाली. यातली काही गाणी अमेरिकेच्या आखाती बंदरांत जहाजाच्या पोटात कापसाचे गठ्ठे दाबून बसवणाऱ्या मजुरांकडून, त्यांत अनेक कृष्णवर्णीय होते, खलाशांनी उचलली. म्हणजे उगम धक्क्यावर असला तरी तो श्रमातच आहे.

सुकाणू :
मीमांसक, तारखांबद्दल वाद नाही. त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल आहे. वादळाचा तो दिवस न्यूटन पुढे दरवर्षी स्मरणात ठेवत आला. ज्याने तो दिवस आयुष्यभर पाळला, त्याच्या ‘संकटांतून इथवर आलो’ या ओळीत जहाज शोधायला शब्दकोश लागत नाही.

मीमांसक :
त्याच आयुष्यातली जी वर्षे गुलामांच्या जहाजांवर गेली, त्यांचे काय करायचे? त्या व्यापाराविरुद्ध त्याचे पत्रक १७८८ मध्ये निघाले. वादळाला उगम ठरवले, की ही वर्षे कथेतून अलगद निसटतात आणि जहाजाच्या तळाशी साखळदंडात असलेली माणसे कोणाला आठवत नाहीत. माझा आक्षेप मुख्यतः यालाच आहे.

आणि आपल्या भाषेतले उदाहरण हवे असेल, तर १९०९ मध्ये सावरकरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेले गीत पाहा. तिथे वादळ नाही. मायदेशापासून तुटलेला एक माणूस समुद्राला त्याने दिलेल्या वचनाचा जाब विचारतो आणि शेवटी, तुला एका आचमनात पिऊन टाकणाऱ्या अगस्तीची आठवण ठेव, असे बजावतो. हे भांडण किनाऱ्यावर उभे राहूनच होऊ शकते. नावेत बसलेल्याला समुद्राशी असे भांडता येत नाही.