स्थिरीकरण लेन्समध्ये असावे की बॉडीत?

धागाकर्ता:
हात हलल्याने फोटो हलू नये यासाठीची यंत्रणा कॅमेऱ्याच्या बॉडीतच असावी, असे माझे ठाम मत आहे. कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० मिमी झूममध्ये ती बसवली तेव्हा फिल्मचा जमाना होता आणि चौकटीतली फिल्म हलवणे व्यवहार्य नसल्याने लेन्सखेरीज जागाच नव्हती. कोनिका मिनोल्टाने २००४ मध्ये डीएसएलआरचा (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचा) सेन्सरच, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भागच, हलवून दाखवला आणि ती अडचण संपली. बॉडीसाठी एकदा पैसे मोजले की जुनी प्राइम (झूम नसलेली) लेन्ससुद्धा स्थिर होते. मग प्रत्येक लेन्सबरोबर तीच किंमत पुन्हा का द्यावी?

प्रतिसाद १:
असहमत. कॅमेरा अर्धा अंश डुलला, तर ५० मिमी लेन्सची प्रतिमा सेन्सरवर ०.४ मिमी सरकते, ३०० मिमीची मात्र २.६ मिमी. तेवढे अंतर सेन्सरला धावावे लागते, आणि तो लेन्सच्या प्रतिमावर्तुळाबाहेर (लेन्स जेवढ्या गोलात प्रतिमा पाडते त्याबाहेर) जाऊ लागला की कोपरे काळवंडतात. लेन्समधला भिंगांचा गट मात्र त्या लेन्ससाठीच आखलेला असतो. शिवाय डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधले चित्र आरशावरून येते, त्यामुळे सेन्सर कितीही हलला तरी डोळ्यासमोरचे चित्र थरथरतच राहते.

धागाकर्ता:
आरशाचा मुद्दा मान्य, पण मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) सेन्सरवरचेच चित्र दिसत असल्याने तो उरत नाही. उलट, शटरचे बटण दाबताना कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती किंचित कलंडतो, त्यावर लेन्सकडे उपायच नाही, कारण गोल भिंग जागच्या जागी फिरवले तरी प्रतिमा फिरत नाही. ऑलिंपसने २०१२ च्या ई-एम५ मध्ये पाच अक्षांचे स्थिरीकरण दिले, त्यात हे कलंडणेही आवरले जाते. (जुन्या लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे तिचा मिमीतला आकडा, मेनूत हाताने भरावी लागते, एवढी तोशीस मला चालते.)

प्रतिसाद २:
दोघांनीही एक गोष्ट वगळली आहे. ३०० मिमीला हातात धरून नेहमी ठेवतात त्या १/३०० सेकंदाऐवजी चार स्टॉप खाली (दर स्टॉपला वेळ दुप्पट), म्हणजे सुमारे १/२० सेकंद शटर ठेवले, तर झाडाचे खोड स्पष्ट येईल. फांदीवरून उडणारा पक्षी नाही.

प्रतिसाद १:
पक्ष्यासाठी मीही १/२००० च ठेवतो, परंतु तो चौकटीत धरून ठेवायला चित्र स्थिर लागते. धागाकर्त्यांच्या हिशेबाबद्दल एवढेच, की सोनी २००६ पासून बॉडीतला सेन्सर हलवते आहे, तरीही तिची २०१९ मधली २००-६०० मिमी झूम स्वतःची यंत्रणा घेऊनच आली.