जुना फोर बाय फोर पिकअप घरीच उभा करतोय, आधी लिफ्ट करू की आवाजाच्या मागे लागू?

जुनंलोखंड:

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी एक जुना डिझेल पिकअप घेतलाय. गाडीचं वय २६ वर्षं, लॅडर चेसिस (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई), मागे पाटे, पार्ट टाइम फोर व्हील (हवं तेव्हाच चारही चाकांना बळ), पुढचे हब (चाक ॲक्सलच्या शाफ्टला जोडणारे) खाली उतरून हाताने लॉक करायचे. इंजिन अगदी गोड चालतं, पहिल्या सेल्फला उठतं, धूर नाही. हौद्याच्या कोपऱ्यांना गंज आहे पण चेसिस हातोडीने ठोकून बघितली, पाट्यांच्या शॅकलपाशी पण बघितली, सगळीकडे खणखणीत आवाज येतोय. सगळं काम शक्य तितकं स्वतः करायचं असं ठरवूनच गाडी घेतली, कारण मला हे मनापासून शिकायचंय.

आता त्रास सांगतो. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून खट्ट आवाज येतो, रिव्हर्स टाकला की परत खट्ट. ५० च्या पुढे गेलं की सीटखाली थरथर सुरू होते, स्टिअरिंगला काही जाणवत नाही, फक्त बुडाखाली. टायर नवीन आहेत, बॅलन्सिंग दोनदा करून झालं, काही फरक नाही. फोर व्हीलचा लिव्हर ४एच ला (चारही चाकांना बळ द्यायची जागा) पडतो, डॅशवर लाइट पण लागतो, पण चिखलात अडकलो तेव्हा मागचीच चाकं फिरत बसली, पुढची ढिम्म. आणि मागच्या डिफरन्शियलच्या (ॲक्सलमधला, दोन्ही चाकांना बळ वाटणारा गिअरचा डबा) तोंडाशी, जिथे प्रोपेलर शाफ्ट (पुढून बळ मागे आणणारा लांब दांडा) जोडतो तिथे तेल पाझरतंय. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर ते म्हणाले क्राउन पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी) गेलंय, अख्खं डिफरन्शियल बदला. गाडीखाली न वाकता सांगितलं म्हणून मला ते पटलं नाही.

आणि माझं खरं स्वप्न म्हणजे २ इंच लिफ्ट (चेसिस ॲक्सलपासून उंच करणं), २९ इंचीच्या जागी ३१ इंची टायर आणि पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी). लिफ्टचं सामान आणून ठेवलंय. आता प्रश्न हा की लिफ्ट करताना सगळं खोलणारच आहे तर आवाजाचं पण तेव्हाच बघू का आधी हे निस्तरू?

---

ग्रीसवाला:

आधी निस्तरा. लिफ्ट केली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, म्हणजे आज ५० ला होणारी थरथर उद्या ४० ला होईल आणि मग कळणार नाही की दोष जुना आहे का लिफ्टमुळे आलाय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खट्ट आवाजासाठी डिफरन्शियल उघडायची काही गरज नाही अजून. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे, गिअर न्यूट्रल, खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धरा आणि झटके देऊन फिरवा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) दोन्ही बाजूंच्या योकवर (क्रॉसला धरणारे दोन कानांचे चिमटे) नजर ठेवा. एक योक हलला आणि दुसरा मागाहून हलला तर क्रॉस संपलाय. मग शाफ्ट वरखाली ढकलून बघा, स्लिप योक (सरकता योक) जिथे स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांवर) सरकतो तिथे खेळ आहे का. त्यानंतर पिनियन फ्लँज (डिफरन्शियलच्या तोंडाची, शाफ्ट जोडायची चकती) धरून वरखाली हलवा, तिथे हलत असेल तर मात्र पिनियन बेअरिंगचा विषय आहे. एवढं बघायला दहा मिनिटं लागतात.

तेल पाझरतंय त्याचं पण आधी ब्रीदर बघा. ॲक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी किंवा रबरी पाइप असतो, जुन्या गाड्यांत तो मातीने बुजलेला असतो. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट नाही म्हणून ती ऑइल सीलमधून तेल ढकलते. उलट गरम ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत खेचलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर समजा पाणी गेलंय. सील बदललं आणि ब्रीदर तसाच ठेवला तर नवीन सील पण पाझरणार. सील बदलायची वेळ आलीच तर पिनियन नट खोलण्याआधी नट, फ्लँज आणि पिनियनच्या टोकावर पंचने खुणा करा, कारण बऱ्याच गाड्यांत त्या नटावरच बेअरिंगचा प्रीलोड (आधीच देऊन ठेवलेला दाब) ठरलेला असतो, अंदाजाने आवळलं तर बेअरिंग जातं.

आणि एक, हे कृपा करून विसरू नका, तेल काढायचा बोल्ट खोलण्याआधी भरायचा बोल्ट खोलून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा खोलून सगळं तेल काढून टाकलं तर गाडी जागेवर अडकली. डिफरन्शियलला जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) तेल, पण गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असलेल्या कित्येक जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, जीएल-५ मधली काही ॲडिटिव्ह पितळ खातात.

---

दगडवाट:

मी स्वतः असाच एक पिकअप तीन वर्षांपासून घरी दुरुस्त करतेय म्हणून लिहिते.

फोर व्हीलचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. डॅशवरचा लाइट फक्त एवढंच सांगतो की ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलना बळ वाटणारा डबा) गिअर पडला. पुढे हब लॉक झाला का नाही हे त्याला माहीत नसतं. पुढचं एक चाक जॅकवर उचला, घोडी (आधाराचा स्टँड) लावा, हब फ्री वर ठेवून चाक फिरवा आणि मागे वाकून ॲक्सलचा शाफ्ट बघा, तो स्थिर राहायला हवा. मग हब लॉक करून फिरवा, आता शाफ्ट चाकाबरोबर फिरायला हवा. नाही फिरला तर हब आतून अडकलाय. दोन्ही बाजूंना करून बघा, कारण एकच हब लागत नसला तरी पुढचं सगळं बळ त्या मोकळ्या शाफ्टमधून वाया जातं, डिफरन्शियल कमी अडथळ्याच्या बाजूलाच फिरवत बसतं.

हब खोलणं अजिबात अवघड नाही. वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो म्हणून ग्रीसचं मेण झालेलं असतं. सगळे भाग रॉकेलमध्ये धुवा, सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकवणी कडी) आणि स्प्रिंग कशा बसल्या होत्या त्याचे फोटो काढा, आणि परत बसवताना ग्रीसचा पातळ हात द्या. इथे लोक चुकतात, हब गच्च ग्रीसने भरतात, मग आतली रिंग सरकतच नाही. महिन्यातून एकदा तरी लॉक करून थोडं चालवत जा (मऊ जमिनीवर, कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच नको, वळताना पुढची मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण सगळा शाफ्टवर येतो). हे लॉकिंग हब दुसऱ्या महायुद्धानंतरचे, १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी युद्धातल्या जीप रोजच्या रस्त्यावर नीट चालाव्यात म्हणून ते बनवायला घेतले. कल्पना इतकी साधी की आजही तीच चालते.

आता थरथर. तुम्ही म्हणताय स्टिअरिंगला नाही, सीटखाली आहे, बॅलन्सिंगने फरक पडत नाही. मला शाफ्टच्या फेजची शंका येतेय. शाफ्टच्या दोन टोकांना दोन योक आहेत, ते एका रेषेत आहेत का बघा. म्हणजे पुढच्या योकचे कान आडवे असतील तर मागच्याचे पण आडवेच हवेत.

कारण असं की क्रॉस जॉइंट कोनात फिरत असला की पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा जोरात जातो आणि दोनदा मंदावतो. १० अंशाच्या कोनाला साधारण दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली. रॉबर्ट हुकने १७ व्या शतकात या जॉइंटचा अभ्यास केला होता, अजून त्याला हुक जॉइंट म्हणतात. दुसऱ्या टोकाचा क्रॉस बरोबर उलट वागून हा फरक मारून टाकतो, पण दोन्ही योक एका रेषेत असले तरच. कोणी मधे ग्रीस मारायला स्लिप योक बाहेर काढला आणि परत घालताना स्प्लाइनचा दात चुकवला तर फरक मरायच्या ऐवजी वाढतो. जुन्या गाडीत हे हमखास सापडतं, कारण शाफ्ट दहा जणांनी खोललेला असतो. कंपनीने दोन्ही बाजूंना बाण ठोकलेले असतात, तारेचा ब्रश मारा, रंगाखाली सापडतील. काही गाड्यांच्या पुढच्या शाफ्टला मात्र कंपनीतूनच मुद्दाम फरक ठेवलेला असतो, त्यामुळे पुढच्याला हात लावण्याआधी मॅन्युअल बघा.

---

पानापेटी:

वरचं सगळं बरोबर, फक्त शाफ्ट खोलण्याआधी एक. मागचा शाफ्ट सोडला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी मागच्या चाकांना धरून ठेवत नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तरी तेच, गिअरबॉक्स पहिल्यात असला तरी गाडी मोकळी. माझी गाडी अशीच हातभर सरकली होती, मी खाली होतो, चाकाजवळचा लाकडी ओंडका आडवा आला म्हणून वाचलो. छातीतली धडधड अर्धा तास थांबली नव्हती. हँडब्रेकवर भरवसा नको, चारही चाकांना ठोकळे, आणि गाडी उचलली असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, घोड्या चेसिसखाली.

---

जुनंलोखंड:

तिघांचे मनापासून आभार. आत्ताच खालून आलो. ब्रश मारल्यावर शाफ्टवर बाण दिसला आणि योकवरचा बाण... एका रेषेत नाहीच! चार बोटं तरी बाजूला आहे. मागच्या क्रॉसला हाताने खेळ कळतोय. ब्रीदरची टोपी बोटाने फिरतच नव्हती, पक्कडने काढली, आत मातीचा गोळा. पिनियन फ्लँज मात्र वरखाली हलत नाही. रविवारी खोलतो.

---

चिखलगाडी:

रविवारच्या आधी दोन शब्द लिफ्टवर, कारण हे कोणी सांगत नाही. तुमच्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हला जाणारी सळई आहे का बघा. हौद्यात माल भरला की चेसिस खाली बसते, सळई व्हॉल्व्ह फिरवते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही २ इंच लिफ्ट केली की चेसिस ॲक्सलपासून लांब गेली, व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामाच आहे, मग माल भरलेला असताना पण मागचे ब्रेक हवे तेवढे लागत नाहीत आणि सगळा भार पुढच्यांवर येतो. लिफ्टच्या सामानात त्याची पट्टी (ॲक्सलकडचं सळईचं टोक उचलणारी) बऱ्याचदा नसते.

तसंच ब्रेकच्या रबरी नळ्या. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी नळी ताणली जाता कामा नये. २६ वर्षांच्या नळ्या असतील तर लांबी बघत बसू नका, बदलाच, ब्रेक ऑइल पण नवीन भरा, ते हवेतलं पाणी ओढतं. मागच्या पाट्यांचे यू बोल्ट जुने वापरू नका, ते एकदा ताणले की ताणले, आणि नवीन लावल्यावर काहीशे किलोमीटरला परत आवळा. बुशचे (पाट्यांच्या टोकांतले रबरी गोल) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, हवेत लोंबकळताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढे टॉर्शन बार फार पिळून उंची काढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सांध्यावरचे रबरी बूट (आवरणं) फाटतात.

३१ चे टायर घातले की स्पीडोमीटर साधारण ७ टक्के कमी दाखवेल, काटा ६० वर असताना तुम्ही ६४ ला असाल. आणि २ इंच मोठा टायर डिफरन्शियलला जमिनीपासून १ इंचच उचलतो, कारण अर्धा टायर ॲक्सलच्या वर असतो. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष २९ वरच चालवा, चांगल्या खाचांचे घ्या. विंच सगळ्यात शेवटी, पुढे वजन टाकलं की उंचीचा हिशोब परत बदलतो.

---

जुनंलोखंड:

रविवारचा वृत्तांत. भरायचा बोल्ट आधी खोलायला घेतला आणि तो खरंच बसलेला होता. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी हातोडीने चहूबाजूंनी ठोकला, आधी थोडा आवळायच्या दिशेने मग उलटा, असं करत करत तासाभराने सुटला. खालचा आधी खोलला असता तर तेलाशिवाय तिथेच बसलो असतो. तेल काळं निघालं पण दुधाळ नाही, चुंबकाच्या बोल्टवर राखाडी लोण्यासारखा थर, बोटाने चोळला तर खडा लागला नाही. दाताचा एकही तुकडा नाही. म्हणजे डिफरन्शियल बदलायचं कारणच नव्हतं.

मागचा क्रॉस काढला तर एका कपात (क्रॉसच्या पायावरची, सुयांच्या बेअरिंगची टोपी) ग्रीस नावाला नाही, आतल्या सुया लाल भुकटी होऊन हातावर सांडल्या आणि क्रॉसच्या पायावर त्या सुयांचे चरे नखाला लागत होते. नवीन क्रॉस बसवला, कप दाबताना एक सुई आडवी पडली होती, सर्क्लिप बसेना तेव्हा लक्षात आलं, परत काढून ग्रीसने सुया चिकटवून बसवला. स्लिप योक बाण जुळवून घातला.

हब पण दोन्ही खोलले. डावीकडचा फिरत होता, उजवीकडे ग्रीसचं अक्षरशः मेण, पेचकसने खरवडून काढलं. आता दोन्ही बोटाने फिरतात आणि लॉक झाल्याचा टक् असा आवाज ऐकू येतो.

संध्याकाळी चालवली. ५०, ६०, ७०... आरशातलं चित्र पण हलत नाही. गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. खट्ट जवळजवळ गेला, रिव्हर्सला अगदी बारीक उरलाय. सील अजून तसंच आहे, ब्रीदर मोकळा केल्यावर पाझरणं थांबतं का ते पुसून ठेवून आठवडाभर बघतो.

व्हॉल्व्हची सळई आहे माझ्या गाडीत. तिच्यासाठी आत्ता काही करून ठेवायला हवं का?

---

चिखलगाडी:

हो, आत्ताच. हौदा रिकामा, गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी, आणि ॲक्सलवर जिथे सळई जोडलीय तिथपासून चेसिसपर्यंतचं अंतर टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. व्हॉल्व्हचा दांडा कुठल्या कोनात आहे त्याचा फोटो पण काढा. लिफ्टनंतर परत मोजा, जेवढा फरक येईल तेवढीच ॲक्सलकडची पट्टी उचलायची, लिफ्टच्या खोक्यावर २ इंच लिहिलंय म्हणून २ इंच नाही. नवीन पाटे सुरुवातीला जास्त उंच असतात, थोडे बसले की एकदा परत मोजा. आणि रिव्हर्सचा तो बारीक आवाज, स्लिप योकच्या निपलवर (ग्रीस भरायच्या तोंडावर) ग्रीसगन लावून बघा आधी.

---

जुनंलोखंड:

मोजलं, लिहिलं. ग्रीसगन उद्या.